आधी शिकवा, मग समुद्रात उतरवा

प्रति,
मा. प्रमुख, कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
आणि इंदूरमधील सर्व सहल संयोजक

विषय : मालवण सागरी अभयारण्यातील स्नॉर्कलिंग आणि प्रवाळांचे संरक्षण



दिवाळीची सुट्टी लागली की इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा मराठी वस्त्यांतून कोकणाकडे गाड्या निघतात. कुणाचे कुलदैवत तिकडे असते, कुणाचे आजोळ, तर कुणाला फक्त समुद्र पाहायचा असतो. पूर्वी ही सहल देवदर्शन, सिंधुदुर्ग किल्ला आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ एवढ्यावर संपायची. आता तिच्यात स्नॉर्कलिंगची भर पडली आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणारी, बहुतेक वेळा पोहता न येणारी माणसे डोळ्यांवर मास्क चढवतात, तोंडात नळी धरतात आणि लाइफ जॅकेटच्या भरवशावर मालवणच्या खडपांवर तरंगतात. खाली प्रवाळ असतात, मासे असतात, आणि पाहणारा हरखून जातो.

ही गोष्ट चांगली आहे. समुद्र पाहण्याचा हक्क फक्त किनाऱ्यावर जन्मलेल्यांचा नाही. पण आज ती ज्या रीतीने चालते, त्या रीतीने जे पाहायला माणसे येतात तेच मोडते आहे. हे थांबवण्याचे अधिकार आपणा सर्वांकडे मिळून आहेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. माझे सगळे म्हणणे एका वाक्यात मावते : ज्याला समुद्रात उतरवायचे, त्याला आधी शिकवा, आणि हे शिकवणे परवान्याची अट करा.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिले सागरी अभयारण्य. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरच्या आसपास. सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालची खडपे त्यात येतात. पावसाळ्यात खाड्यांचे आणि नद्यांचे गढूळ पाणी या भागात येते, गाळ येतो, पाण्याची क्षारता घटते. प्रवाळांना मानवतील अशा या गोष्टी नाहीत. तरीही इथे प्रवाळ टिकून आहेत. अंदमान किंवा लक्षद्वीपसारखा त्यांचा विस्तार नाही, रंगांची उधळणही तितकी नाही. पण हलाखीत तग धरणारे म्हणून त्यांचे मोल अधिक आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, सामान्य माणसाला होडीने सहज गाठता येतील असे प्रवाळ फार थोड्या ठिकाणी आहेत.

कायदाही त्यांच्या बाजूने आहे. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे कागदावर त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. शिवाय अभयारण्यातल्या कोणत्याही वन्यजीवाला किंवा त्याच्या अधिवासाला इजा करण्यास हाच कायदा मनाई करतो. ताडोबात कुणी पर्यटकाला जिप्सीतून उतरवून वाघाच्या बछड्याशेजारी फोटोसाठी उभे केले, तर दुसऱ्या दिवशी किती गहजब होईल! मालवणात पहिल्या अनुसूचीतल्या जिवावर माणूस दोन्ही पाय रोवून उभा राहतो, त्याचा फोटो निघतो, आणि त्यात काही वावगे घडले असे कुणालाच वाटत नाही. उभे राहणाऱ्याला तर मुळीच नाही, कारण आपण कशावर उभे आहोत हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

तो कशावर उभा असतो, ते सांगते. मालवणच्या पाण्यात दिसणारे बरेचसे प्रवाळ फांद्यांचे नाहीत. ते गोलसर, ओबडधोबड, वरवर पाहता शेवाळ चढलेल्या धोंड्यासारखे असतात. जवळून पाहिले तर पृष्ठभागावर शेकडो बारीक खळगे दिसतात. प्रत्येक खळग्यात एक प्राणी राहतो, त्याला पॉलिप म्हणतात. खालचा सगळा धोंडा हा त्याने आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांनी रचलेला चुनखडीचा सांगाडा असतो. जिवंत भाग तेवढा वरचा. दुधावरच्या सायीसारखा पातळ. त्या पातळ थराच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला देते. असा गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे कमरेएवढ्या घुमटाचे वय मोजायला गेलो तर ते आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत पोहोचते. पायाची टाच, फिन्सची धार किंवा होडीचा नांगर यांनी तो थर खरवडला की उघड्या पडलेल्या जागी शेवाळ माजते, रोग शिरतो, आणि कित्येकदा ती जागा पुन्हा भरत नाही.

मी मालवणला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले सांगते. होडी खडपाजवळ आली, नांगर टाकला गेला, तो तळाला धरेना म्हणून ओढत नेला गेला. पाण्यात उतरणाऱ्यांना सूचना मिळाल्या त्या एवढ्याच : तोंडाने श्वास घ्या, घाबरू नका, कॅमेऱ्याकडे बघा. माझ्या शेजारची बाई घाबरून हातपाय मारू लागली तेव्हा होडीवरच्या मुलाने तिला आधारासाठी जवळच्या दगडावर उभे केले. तो दगड प्रवाळ होता. त्या मुलाचा हेतू तिला सावरण्याचाच होता आणि त्याने ते मायेने केले. त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याला कुणी वेगळे शिकवले नव्हते, एवढेच.

मग पावाचे तुकडे आले. पाण्यात पाव कुस्करला की क्षणात मासे गोळा होतात. पर्यटक खूश, फोटो भरगच्च. त्यात सर्वांत पुढे असतो पिवळसर-निळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेला एक धीट मासा. इंग्रजीत त्याला ‘सार्जंट मेजर’ म्हणतात. या माशाचा नर खडकावर चिकटवलेल्या अंड्यांची राखण करतो. जांभळट रंगाचा तो ठिपका तळहाताएवढा असतो. नर त्याच्यासमोर सतत घिरट्या घालतो, जवळ येणाऱ्या मोठ्या माशालाही हुसकावतो, कल्ल्यांनी पाणी हलवत राहतो. पाव पडला की ही राखण सुटते. जवळपासचे दुसरे मासे तेवढ्या वेळात अंडी फस्त करू शकतात. शिवाय खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारे मासे पावाच्या नादी लागले, तर शेवाळ वाढते आणि प्रवाळ गुदमरतो. त्या जांभळ्या ठिपक्यासमोर दोन मिनिटे निश्चल तरंगून नराची धावपळ पाहणे, यापेक्षा मोठा आनंद पावाच्या तुकड्यात नाही. पण तो आनंद दाखवणारा कुणीतरी हवा.

हे माझे एकटीचे निरीक्षण असते तर मी चारचौघांत मांडले नसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या नियतकालिकात मालवण अभयारण्याबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. बेशिस्त पर्यटकी डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंगमुळे तिथल्या प्रवाळांना होणारी इजा त्यात नोंदवलेली आहे, आणि त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही हा मुद्दा थेट शीर्षकातच आहे. बेशिस्तीची किंमत माणसांनीही मोजली आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. प्रवाळाची सुरक्षा आणि पर्यटकाची सुरक्षा यांत आपण फरक करतो, पण दोन्हींचे मूळ एकच आहे : तयारीविना माणसे समुद्रावर नेणे.

कुणी म्हणेल, समुद्रच तापतो आहे, तिथे पायांचे आणि नांगरांचे काय घेऊन बसलात? समुद्र तापतो आहे हे खरेच आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या कमाल उन्हाळी पातळीपेक्षा एखाद्या अंशाने जास्त होऊन काही आठवडे तसेच राहिले, की पॉलिप आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी व्यापक विरंजनाची घटना अधिकृतपणे जाहीर झाली. त्याच हंगामात लक्षद्वीपमध्येही मोठे विरंजन झाले. हा ताप उतरवणे सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती नाही, हे मला समजते. पण पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परतते आणि तो सावरतो. त्या नाजूक आठवड्यांत त्याच्यावर पाय पडला, गाळ उडाला, नांगर घासला, तर सावरण्याची संधी जाते. जे आपल्या हाती नाही त्याचे निमित्त करून जे हाती आहे ते सोडून देता येत नाही.

मग जबाबदारी कुणाची? अभयारण्य वन विभागाचे. बोटी आणि जलक्रीडांचे परवाने मेरीटाइम बोर्डाकडे. पर्यटकांना बोलावण्याचे काम पर्यटन महामंडळाचे. किनाऱ्यावरचा बंदोबस्त जिल्हा प्रशासनाचा. प्रत्येकाचे काम नेमून दिलेले आहे, पण पर्यटक होडीतून पाण्यात पाय सोडतो त्या क्षणी त्याच्यासमोर यांपैकी कुणीच नसते. तिथे असतो फक्त होडीवरचा तरुण, ज्याला दिवसभरात जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या असतात, कारण हंगाम पावसाळ्यापर्यंतच असतो.

त्या तरुणाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. १९८७ पासून मालवणच्या मच्छीमारांना अभयारण्याची धास्ती आहे. आपली होडी अडवली जाईल, जाळी बंद होतील, पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी जाईल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. एकीकडे पर्ससीनवाल्या मोठ्या बोटी, दुसरीकडे घटती मासळी, अशा कात्रीत सापडलेल्या पारंपरिक मच्छीमारांच्या मुलांना पर्यटनाने हात दिला. म्हणून स्नॉर्कलिंग सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही. बंदी आली तर हीच मुले बेकार होतील आणि उद्या रात्रीच्या अंधारात तेच सगळे परवान्याशिवाय चालेल. याच मुलांच्या हाती या खडपांची राखण सोपवा, आणि त्या राखणीचा मोबदला द्या.

त्यासाठी पुढच्या गोष्टी मागते आहे.

पहिली, पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर किमान पंधरा मिनिटांचे सक्तीचे प्रशिक्षण. मराठी, हिंदी, कन्नड आणि गुजरातीत. त्यात प्रवाळ म्हणजे काय, कुठे पाय टेकायचा नाही, घाबरल्यास पाठीवर उलटून कसे तरंगायचे, एवढे असावे. आणि कमरेइतक्या पाण्यात मास्क-नळीचा सराव. ज्याला तरंगता येत नाही त्याने तो सराव पूर्ण केल्याशिवाय खडपावर जाऊ नये. हे अशक्य नाही. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर १९७९ पासून सागरी उद्यान आहे. तिथे पाण्याखाली जाण्याआधी माहितीवर्ग सक्तीचा आहे आणि हातमोजे घालायला बंदी आहे, कारण हातमोजा असला की माणूस निर्धास्तपणे प्रवाळ धरतो. पलाऊ या छोट्या देशाने २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारून त्यावर त्याची सही घ्यायला सुरुवात केली. जगातून आलेला पर्यटक तिथे सही करतो, तर आपला का करणार नाही?

दुसरी, प्रवाळांवर नांगरबंदी. स्नॉर्कलिंगच्या प्रत्येक जागी तळाला पक्क्या बसवलेल्या बोया असाव्यात आणि होडी फक्त बोयेलाच बांधावी. बोया जितक्या, तितक्याच होड्या एका वेळी. गर्दीवरचा लगामही याच व्यवस्थेतून आपोआप येईल.

तिसरी, माशांना खाऊ घालण्यावर पूर्ण बंदी, आणि तिची अंमलबजावणी दंडाने.

चौथी, जागांना विश्रांती. अंदमानात वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे आलटून पालटून पर्यटकांना खुली केली जातात, आणि प्लास्टिकची तपासणी जेट्टीवरच होते. इंदूरहून अंदमानला गेलेली कित्येक कुटुंबे ते नियम निमूट पाळून आलेली आहेत. थायलंडने २०१८ मध्ये माया बे हा जगप्रसिद्ध किनारा बंद केला आणि २०२२ मध्ये मर्यादा घालून उघडला; त्या काळात प्रवाळांना श्वास मिळाला. मालवणातही खडपांचे गट पाडून आळीपाळीने बंद ठेवता येतील. समुद्र तापल्याचा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’सारख्या संस्थेकडून मिळाला, की बाधित खडपे तात्पुरती बंद करण्याचा नियम आधीच ठरलेला असावा.

पाचवी, पैसा तिथल्या तिथे. प्रत्येक स्नॉर्कलिंग करणाऱ्याकडून संवर्धन शुल्क घ्या, आम्ही आनंदाने देऊ. पण ते अभयारण्याच्या स्वतंत्र खात्यात जमा होऊन बोया, प्रशिक्षण आणि सागररक्षकांचे मानधन यांवरच खर्च व्हावे, आणि त्याचा हिशेब दरवर्षी मालवणच्या किनाऱ्यावर लावला जावा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. स्थानिक तरुणांना प्रवाळ-मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र तिथेच मिळू शकेल, आणि असा प्रमाणित मार्गदर्शक सोबत असल्याशिवाय एकही होडी खडपावर जाऊ नये.

नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली ‘गुलदार’ नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम खडक करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. त्याचे मी स्वागत करते. नैसर्गिक खडपांवरची गर्दी त्यामुळे हलकी होऊ शकते. पण शिस्त तशीच राहिली, तर एक नवे ठिकाण जोडले जाईल आणि जुने तसेच झिजत राहील. गुलदारसाठी जे नियम कराल ते मालवणच्या प्रवाळांनाही त्याच दिवसापासून लागू करा.

आता इंदूरच्या सहल संयोजकांना चार शब्द. आपल्या शहराने २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर राखला, तो काही इंदूरची माणसे जन्मतः वेगळी आहेत म्हणून नाही. घरोघरी गाडी वेळेवर आली, कचरा वेगळा कसा करायचा हे दारात उभे राहून शिकवले गेले, न करणाऱ्याला दंड झाला, आणि वर्षभरात ती सवय झाली. शिकवण, सोय आणि दंड, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आपली माणसे शिस्त पाळतात, हा आपला स्वतःचा अनुभव आहे. तो सोबत घेऊन मालवणला चला. सहलीच्या माहितीपत्रकात हॉटेल आणि जेवणाबरोबर प्रवाळांचे नियम छापा. निघण्याआधीच्या रविवारी शहरातल्या एखाद्या तरण तलावावर मास्क-नळीचा सराव घ्या. अंगभर सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख न्यायला सांगा. आणि जो होडीवाला पाव टाकतो किंवा प्रवाळावर नांगर टाकतो, त्याच्याकडे आपले पर्यटक पाठवू नका. मालवणच्या किनाऱ्यावर या एका निर्णयाचे वजन शंभर फलकांपेक्षा जास्त असेल.

समुद्र इंदूरपासून वाटतो तितका लांबही नाही. महूजवळचा जानापाव डोंगर आणि त्याच्या आसपासचा माळव्याचा कडा हा जलविभाजक आहे. त्याच्या उत्तरेचे पाणी कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा असे फिरत बंगालच्या उपसागराला मिळते. दक्षिणेची चोरल नर्मदेत जाते आणि नर्मदा अरबी समुद्रात. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी त्याच प्रवाहातून उचललेले असते. शेजारच्या धार जिल्ह्यात बाघच्या खडकांत सागरी अर्चिन, शिंपले आणि शार्कचे दात जीवाश्म होऊन पडलेले आहेत. क्रिटेशियस काळात नर्मदेच्या या खोऱ्यात समुद्र आत शिरला होता, त्याच्या या खुणा. तेव्हा मालवणचे प्रवाळ ही कोकणच्या लोकांची खासगी बाब आहे आणि आम्ही पैसे मोजून दोन दिवस येणारे पाहुणे आहोत, असे समजणे दोन्ही बाजूंनी सोडले पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सिंधुदुर्ग त्यांतला एक. गर्दी वाढणार हे उघड आहे, आणि ती वाढेल तसा भोवतालच्या पाण्यावरचा भारही वाढेल. तटबंदीचा एक दगड कुणी उपटला तर गुन्हा दाखल होईल. त्याच तटाभोवतीच्या पाण्यात जिवंत खडक तुडवला गेला तरी तो गुन्हाच ठरतो, असा दाखला कायद्याने आपल्याला १९८७ आणि २००१ साली देऊन ठेवला आहे. तो वापरायला नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. चारही कार्यालयांनी एकत्र बसून परवान्याच्या अटींत पंधरा मिनिटांचे प्रशिक्षण, बोया, खाऊबंदी आणि प्रमाणित मार्गदर्शक या चार ओळी घालणे, एवढेच पुरे आहे.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. त्या महिन्यांत हे काम पूर्ण करावे आणि हंगाम पुन्हा सुरू होण्याआधी नव्या अटी जाहीर कराव्यात, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे. इंदूरकडून जी मदत लागेल, म्हणजे हिंदी-मराठीतले माहितीपत्रक, तरण तलावावरचे सराववर्ग, संयोजकांची बैठक, ती उभी करायला आम्ही काही मंडळी तयार आहोत. आपल्याकडून उत्तराची आणि तारखेची वाट पाहते.

आपली नम्र,
इंदूरची एक मराठी रहिवासी